अडगळीच्या खोलीची कडी

७ मार्च, दुपार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल आहे, हे भिंतीतून बोलणाऱ्या आपल्या भिंतबाईने तुला सकाळीच कळवलं असेल. माझी झोप, मनगटावरच्या पट्टीतून माझी नाडी, मी किती जेवले, सगळं ती बिचारी इमानाने तुझ्या कानावर घालते. तरी हाताने लिहितेय. कागद तेवढा तिला वाचता येत नाही.

पुस्तकं बांधता बांधता मी वाचायला शिकले आणि भविष्यकाळाच्या गोष्टींची मला भारी गोडी लागली. त्यांत भिंतींना डोळे फुटायचे आणि पाळत ठेवायला कुणीतरी दुष्ट राजा असायचा. पाळत ठेवणारी आपलीच लेक असेल, तीही काळजीपोटी, हे मी वाचलेल्या एकाही लेखकाला सुचलं नाही बघ. दुष्टाशी भांडता तरी येतं. तुझ्याशी कशी भांडू?

शुक्रवारी तू कारागीर पाठवून अडगळीच्या खोलीतही डोळा बसवणार, असं कळलं. तुझंही बरोबर आहे. आई रोज संध्याकाळी तिथे शिरते आणि तिची नाडी धावत सुटते म्हटल्यावर कुणीही हेच करेल. तू धाडलेले डॉक्टर आले तेव्हा आतून कडी होती. उघडलं, तर माझे हात खळीने बरबटलेले, आणि पुस्तकं दाबायच्या शिकंज्याआड कोपऱ्यावरचे कुलूपवाले, त्यांच्या नाकाला खळ. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं, माझी नाडी मोजली आणि म्हणाले, “आजी, याला औषध नाही.”

तुला त्यांनी ‘किरकोळ’ एवढंच कळवलं ना? भला माणूस.

दारं चेहरा ओळखून उघडायला लागली आणि कुलूपवाल्यांचा धंदा बसला. मी त्यांना पुस्तक बांधायला शिकवते. ते मला वाचून दाखवतात, परग्रहावरच्या राक्षसांचे आवाज काढून. ती कडी त्यांनीच बसवून दिली. सोन्याची बांगडी आणली असती तर मी परत केली असती. कडी ठेवून घेतली.

तुझे बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, चिमणे. परवा कुलूपवाल्यांनी विचारलं, यापुढे एकाच घरात राहू या का. मी हो म्हटलं. हे तुला यंत्राकडून नाही, माझ्या तोंडून कळावं, एवढाच हट्ट होता.

बाकी घरभर भिंतबाई खुशाल राहू दे. कधी पडले-बिडले तर ती हवीच. ती एक खोली मात्र मला सोड. शुक्रवारी कारागीर नको, तूच ये. त्यांना काय म्हणायचं ते तू ठरव. ‘काका’ चालेल, मी विचारून ठेवलंय.

तुझी, आणि थोडी माझी स्वतःचीही,
आई