इंजिनाची खिडकी आणि गव्हातलं झाकण

अहो,

काल तुमच्या गाडीला गिऱ्हाईक आलं होतं. दचकू नका. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय चिडायचं ते चिडा. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये, आणि शेजारच्या वहिनींना सांगावं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या धायरीला कळेल. तुम्हाला सांगितलेलं निदान बाहेर जात नाही.

संशय मला आधीपासूनच होता. तुम्ही गेल्यापासून रोज सकाळी दूध घ्यायला खाली उतरले की मी पार्किंगमध्ये तुमच्या मोटरसायकलपाशी वाकते आणि इंजिनाला तुम्ही केलेल्या त्या खिडकीतून आत बघते. लोक हसतात, हसू देत. आतलं तेल काळंकुट्ट झालं होतं, तुम्ही सोडून गेलात तसंच. एका सोमवारी बघते तर काय, तेल मधासारखं! तेल आपोआप काळं होतं हे मला तुम्ही शिकवलंत. आपोआप गोरं होतं हे काही शिकवलं नव्हतं.

लगेच अनिकेतला फोन लावला. म्हणाला, "मला काय माहीत, आई?"

झालं! तुमचाच मुलगा तो. खरं बोलायचं असलं की त्याची 'आई' वाक्याच्या सुरुवातीला येते. थाप मारायची असली की शेवटी. शाळेत होता तेव्हापासून हे असंच आहे. त्याला वाटतं, शेवटी आई म्हटलं की आई विरघळते.

त्याच्या आधीच्या रविवारी तो वाकडहून जेवायला आला होता, तेव्हाच म्हणाला होता, "आई, ती गाडी नुसती सडतेय खाली. जुन्या गाड्या कलेक्ट करणारे लोक असतात. कुणीतरी नीट मेंटेन तरी करेल." मी कोशिंबीर वाढली आणि विषय बदलला. पण जाताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते इंजिनाचं ओरिजिनल झाकण कुठेय गं?" सहज? आपल्या घरात कुणी काही सहज विचारतं का?

तुम्हाला तरी कुठे कुणावर विश्वास होता! ती खिडकी झाली ती त्यातूनच ना? मेकॅनिक म्हणाला, काका, क्लच प्लेटा नव्या टाकल्यात. तुम्ही म्हणालात, दाखव. तो म्हणाला, आता झाकण लावलं, दिसणार कशा? बस्स. जन्मभर खडकीच्या कारखान्यात माल तपासलेला माणूस तुम्ही, दिसल्याशिवाय पास करणार थोडेच! जुन्या बाजारातून तसलंच दुसरं झाकण आणलंत. बाल्कनीत बसून त्याला कडेकडेने बारीक भोकं पाडलीत, कानशीने घासत घासत बशीएवढी खिडकी केलीत. त्या कानशीच्या आवाजाने माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. पार्किंगच्या छपराचा पारदर्शक तुकडा उरला होता, तो मागून आणलात आणि गोल कापून तिथे काच म्हणून बसवलात.

आणि काच नि झाकण यांच्या मध्ये घालायला पुठ्ठा हवा म्हणून काय कापलंत? माझ्या भाचीची लग्नपत्रिका! लग्न व्हायचं होतं हो अजून! मी मुहूर्त बघायला पत्रिका काढली, तर मुहूर्ताच्या जागी भोक. आपण दोघं लग्नाला पोचलो तेव्हा अक्षता संपल्या होत्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "अगं, पण तेल गळत नाहीये."

तेही खरं नव्हतं. गळत होतं. माझ्या पोळ्यांच्या ताटात गळत होतं, गाडीखाली लावलेल्या. स्क्रू घट्ट केलेत, थांबलं. तपासायला परत पाना लावलात. मग तपासलेलं तपासायला आणखी एकदा. आणि कट्! काच उभी तडकली. तुमचा बाकी जगावर नव्हता तसा स्वतःच्या हातावरही विश्वास नव्हता. दुसरी काच बसवताना मात्र तुम्ही स्क्रू अर्धा आटा सैल सोडलात आणि हात मागे घेतलात. ती आजवर गळलेली नाही.

पहिल्यांदा गाडी सुरू करून तुम्ही मला खाली बोलावलंत ते आठवतं? मी पदराला हात पुसत आले. आत ते चाक गरगर फिरत होतं आणि तेल ताक घुसळल्यासारखं उडत होतं. मला कळलं काहीच नाही, पण तुमचा चेहरा! आपलं लग्न ठरलं तेव्हासुद्धा तुम्ही इतके खूश दिसला नव्हतात. मग तुमची ती कारखान्यातली सवय. तपासून झालं की पिवळ्या रंगाचा ठिपका. खिडकीच्या प्रत्येक स्क्रूवर ठिपका, गॅसच्या रेग्युलेटरवर ठिपका, माझ्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणावरसुद्धा ठिपका!

आता माझा राग ऐका. सगळ्या घराला ठिपके लावलेत, आणि स्वतःच्या छातीचं काय? तिथे कुणी तपासलं? न तपासताच पास? गाडीला किक मारून तुम्ही कठड्यावर बसायला लागलात, शर्टावरून हात फिरवायला लागलात. मी विचारलं तर म्हणालात, "नुसता गॅस आहे, अगं."

तो 'अगं' शेवटी आला होता. एरवी तुमचाही 'अगं' सुरुवातीलाच असायचा. मला तो ऐकू आला होता हो. मी तीनतीनदा विचारलं, डॉक्टरांकडे चला म्हटलं, तुम्ही ओवा मागितलात. एका इंजिनाच्या आत बघायला एवढा खटाटोप करणारा माणूस, आणि मला, सख्ख्या बायकोला, आत डोकावू दिलं नाहीत! याला काय म्हणायचं? का केलंत असं? याचं उत्तर मला अजून हवंय.

म्हणून मला ती खिडकी जायला नको होती. या घरात आत काय चाललंय ते सरळ दिसतं अशी तेवढी एकच जागा उरलीय.

म्हणून अनिकेतने झाकणाचं विचारलं त्याच दिवशी मी ते माळ्यावरून काढलं. तुमचं मूळचं झाकण, फडक्यात गुंडाळलेलं. म्हटलं, गिऱ्हाईक आलं तर आधी ओरिजिनल झाकण मागणार. ते नसलं तर सौदा कुठला? कपाटात ठेवलं असतं तर त्याला सापडलं असतं. मी ते गव्हाच्या डब्यात तळाशी पुरलं. हसताय ना? हसा.

काल रविवार. अनिकेत येणार होता, पण वर आला नाही. बाल्कनीतून बघितलं तर खाली गाडीजवळ एक दाढीवाला मुलगा आणि आपले चिरंजीव! मी भाजीची पिशवी घेतली, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला बरं, आणि जिन्याच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. गाडी सुरू होती. दाढीवाला चहूबाजूंनी फिरून म्हणाला, "बाकी मस्त आहे, ब्रो. फक्त हे जुगाड काढून द्या. ओरिजिनल कव्हर आहे ना?"

"नाहीये," अनिकेत म्हणाला.

"फोनवर आहे म्हणालात."

"तेव्हा होतं. आता नाही."

"ठीक आहे, मार्केटमध्ये मिळेल. मी बसवून घेईन. हे टाकून देईन."

अनिकेत खाली वाकला आणि त्या खिडकीतून आत बघत बसला. बराच वेळ. मग किल्ली फिरवून गाडी बंद केली. म्हणाला, "टाकणार असाल तर नको. सॉरी, तुम्हाला उगाच यायला लावलं."

मी त्याच्या आधी वर पोचायला हवं होतं, म्हणून भराभर जिना चढले. पिशवी रिकामीच होती हे त्याच्या लक्षात आलं असणारच. जेवायला बसलो. मी विचारलं, "तेल कोणी बदललं?"

"आई, मीच बदललं. आधी विकायलाच बदललं. पण मग आतलं सगळं दिसायला लागलं ना." मग पोळीचा तुकडा मोडत, ताटातून मान वर न करता म्हणतो कसा, "आई, गव्हात कडुलिंबाचा पाला घालतात. झाकण नाही घालत."

माझा घास हातातच राहिला. मागच्या खेपेला दळण त्यानेच गिरणीत नेलं होतं! म्हणजे झाकण त्याच्या हातात आलं होतं. त्याने ते परत फडक्यात गुंडाळलं, परत तळाशी ठेवलं, वर गहू सारखे केले, आणि खाली जाऊन त्या मुलाला सांगितलं, नाहीये म्हणून. मी त्याच्यावर पाळत ठेवून होते, आणि हा सगळं माहीत असून गप्प!

मला रडू आलं. पाणी प्यायचं निमित्त करून उठले, तर मागून विचारतो, "आई, तुला जिना चढताना दम लागतो ना?"

म्हटलं, "छे, मला काय झालंय, रे?"

तो हसला. म्हणाला, "आई, तुझा 'रे' शेवटी आला."

अहो, पकडली हो मला तुमच्या मुलाने! माझीही तीच खोड आहे हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला माहीत होतं का? माहीत असून बोलला नाहीत?

मग मी सगळं सांगितलं त्याला. दम लागतो, रात्री उशा दोन लागतात, तुम्ही गेल्यापासून कुणाला सांगितलेलं नाही, सगळं. तो ओरडला नाही. उठून डॉक्टरांची वेळ घेतली.

तर आता माझा शब्द. गाडी कुठे जाणार नाही. खिडकीच्या स्क्रूला मी पाना लावणार नाही, आणि पोरालाही जरा अर्धा आटा सैल सोडीन. किल्ली मात्र यापुढे माझ्याच डब्यात राहील, तेवढं चालवून घ्या. आणि परवा मी तपासणीला जाणार आहे. आत जे काय असेल ते डॉक्टरांना बघू देणार आहे. तुमच्यासारखा ओवा मागणार नाही.

थापा मारतेय असं वाटतंय? तुम्हाला वाटणारच. पत्र परत वरून बघा. 'अहो' मी सुरुवातीलाच लिहिलंय.

तुमची,
सरोज