हायपरबोल म्हणजे जास्त बोलणे

३ जुलै
इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं, तोवर दहावीचं इंग्रजी कोण घेईल? सगळे आपापल्या कपात बघत बसले. मी हात वर केला. इतकी वर्षं भूगोल शिकवतोय. अख्खी पृथ्वी शिकवली, ही तर एकच भाषा. मोठ्या बाई म्हणाल्या, सर, नक्की ना? भारावल्या असणार.
घरी सांगितलं. ही नुसतं बरं म्हणाली. लेक त्याच वर्गात आहे. तिचा घास हातातच राहिला. आनंद झाला की पोरांचं असंच होतं.

४ जुलै, सकाळी
संकल्प: रोज वीस नवे इंग्रजी शब्द. शिवाय पुस्तकातलं 'लिटररी डिव्हायसेस' हे अलंकारांचं प्रकरण आजच्या आज संपवणे.

४ जुलै, संध्याकाळी
सिमिलीपर्यंत पोचलो. स्माइलशी काहीतरी संबंध असावा. डोळे चुरचुरले, थांबलो. नवे शब्द दोन. त्यातला एक आठवत नाही.

८ जुलै
आज हायपरबोल. डिक्शनरी कपाटात आणि किल्ली रजेवरच्या बाईंकडे. माझं काही अडलं नाही. हायपर म्हणजे जास्त, बोल म्हणजे बोलणं. जास्त बोलणं, म्हणजेच अतिशयोक्ती! वर्ग खूश.
घरी लेक हळूच म्हणाली, बाबा, त्याचा उच्चार हायपर्बली आहे. अर्थ बरोबर आहे का, विचारलं. हो म्हणाली. मग झालं तर! तर्क चालवला की इंग्रजी येतं. पाठांतर करणाऱ्यांची कीव येते.

१५ जुलै
आयरनी. भूगोल कामी आला. रेनचं रेनी, विंडचं विंडी, क्लाउडचं क्लाउडी. तसंच आयर्नचं आयरनी. फळ्यावर लिहिलं: 'आयरनी, म्हणजे लोखंडासारखा कणखर स्वभाव. उदा. अवर प्रिन्सिपल इज व्हेरी आयरनी.' दम दिला की गाइड उघडायचं नाही, परीक्षेत फळ्यावरचंच लिहायचं.
लेकीने हात वर केला. मी घरच्यांना झुकतं माप देत नाही. खाली बस म्हटलं.
संध्याकाळी पुस्तक उघडून माझ्यासमोर आली. वर्गातलं वर्गात, असं बजावलं. पुस्तक मिटून गेली. शिस्त लागतेय.

२२ जुलै
रोजचे वीस शब्द तूर्त स्थगित. शब्दांच्या मागे धावू नये. ते आपले आपण येतात.

५ ऑगस्ट
घटक चाचणी झाली. यंदा पेपर दुसऱ्या शाळेत तपासणार. उत्तम. आपलं काम बाहेरही कळायला हवं.

१२ ऑगस्ट, दुपारी
मोठ्या बाईंनी बोलावलं. टेबलावर पेपर पसरलेले. आयरनीचं उदाहरण द्या, या प्रश्नाला सगळ्या वर्गाला शून्य. कुणाची आजी आयरनी, कुणाचे मामा आयरनी, एकाचं शाळेचं फाटक आयरनी. (ते तर खरंच लोखंडी आहे!) परीक्षकाने तांबड्या शाईत विचारलंय, हे कोणी शिकवलं?
मी म्हणालो, मुलांचं लक्ष नसतं.
मोठ्या बाईंनी एक पेपर पुढे सरकवला. लेकीचा. बाकी सगळ्याला पैकीच्या पैकी. आयरनीखाली माझंच फळ्यावरचं वाक्य, जसंच्या तसं.
तिलाही सकाळी बोलावलं होतं म्हणे. सरांनी बरोबरच शिकवलं, आमच्याच ऐकण्यात चूक झाली, असं तिने सांगितलं. अख्ख्या वर्गाच्या? विचारल्यावर मान खाली घालून हो म्हणाली.
उद्यापासून दहावीचं इंग्रजी मोठ्या बाई स्वतः घेणार. मी थँक्यू म्हणून बाहेर आलो.

१२ ऑगस्ट, संध्याकाळी
लेकीला विचारलं, तुला बरोबर उत्तर येत होतं? हो म्हणाली. मग लिहिलं का नाहीस?
तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं ना, एवढंच म्हणाली.
तिच्या टेबलावरचं पुस्तक उघडलं, मिटलं. ही स्वयंपाकघरातून डोकावून गेली. शेवटी विचारलं, आयरनी म्हणजे नक्की काय गं?
तिने खुर्ची दिली. बोलायचं एक, अर्थ नेमका उलटा, असं समजावलं. पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा उदाहरण देऊन. मी कळलं म्हणालो. कळलं नव्हतं, आणि तेही तिला कळलं.
तरी शाबास म्हणाली.