आवाज खाली आणण्याची खटपट

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून आणि (या वेळी खरंच) हळू आवाजात नमस्कार. भावोजींचा खोकला कसा आहे? तुझी तब्येत ठीक असेल असं मी धरून चालतो, कारण नसली तरी तू सांगणार नाहीस. आम्ही सगळे मजेत. म्हणजे माझी नोकरी गेली, तेवढं सोडून.

बाटल्या धुण्याच्या यंत्रापाशी मी एकोणीस वर्षं काढली, हे तुला ठाऊक आहे. तिथे नुसतं "सरक जरा" म्हणायचं तरी छातीतून हाक घालावी लागायची. कारखाना बंद झाला, यंत्र भंगारात गेलं, आवाज मात्र माझ्याबरोबर घरी आला. पहिल्या मुलाखतीला आत जाऊन मी फक्त "नमस्कार" म्हणालो, तर साहेबांचा चहा कपातून बशीत आला आणि बाहेरचा रखवालदार दारातून डोकावून काय झालं ते विचारून गेला. साहेब म्हणाले, "आम्ही कळवू." मी म्हणालो, "नक्की कळवा!" त्यावर ते खुर्चीसकट मागे सरकले. (कळवलं नाही.) अशा तीन मुलाखती झाल्या. तिसरीनंतर मी दोन दिवस घरात कोणाशी बोललोच नाही, तेव्हा बायको घाबरली आणि तिने सूत्रं हातात घेतली.

तिची बहीण चार महिन्यांच्या मुलीला घेऊन आमच्याकडे राहायला आली आहे. बायको म्हणाली, "दुपारी ही झोपली की शेजारी बसून मुलाखतीची उत्तरं म्हणायची. उठली तर तुम्हीच निजवायचं." पहिला आठवडा मी एकही उत्तर दिलं नाही, नुसता खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या. "स्वतःबद्दल सांगा" या प्रश्नाला मी तोंड उघडलं की पोरीचा खालचा ओठ बाहेर यायचा. पण हळूहळू जमलं. तिसऱ्या आठवड्यात माझा सगळा अनुभव शेवटपर्यंत सांगून झाला आणि ती गाढ झोपलेलीच! मला भरून आलं. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुमचा अनुभव ऐकून कोणीही झोपेल."

तर अशी तयारी करून मी चौथ्या मुलाखतीला गेलो. जाहिरातीत 'दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीसाठी माणूस पाहिजे' एवढंच होतं, आणि इमारतीला रंग चालला असल्याने पाटी काढून भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती. समोर डॉक्टरीणबाई. मी कापसासारखं बोलू लागलो. बाई म्हणाल्या, "जरा मोठ्याने." मला वाटलं, ही परीक्षा आहे. मी आणखी खाली आलो. "अहो, घसा बसलाय का तुमचा?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझा अर्ज मिटून बाजूला ठेवला.

इतक्यात बाहेरून नर्सबाईंची हाक आली, "सतरा नंबर! सतरा नंबर!" कोणी हलेना. त्यांनी पाच-सहा वेळा हाका मारल्या. बाकावर म्हाताऱ्यांची रांग, सगळे शांतपणे समोर बघत बसलेले. माझ्याने राहवेना. बसल्या जागेवरून मी ओरडलो, "सतरा नंबर कोण?"

सगळा बाक उभा राहिला. एक आजोबा तर रडवेल्या चेहऱ्याने दारापर्यंत आले आणि म्हणाले, "सकाळपासून पहिल्यांदा कोणीतरी नीट बोललं बघा."

दवाखाना कानाचा होता! डॉक्टरीणबाईंनी अर्ज पुन्हा उघडला आणि विचारलं, "हा आवाज इतका वेळ कुठे होता?" एक तारखेपासून कामावर या म्हणाल्या.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : नोकरी एक महिना तात्पुरती आहे. सगळ्यांना सांगत सुटू नकोस.

ता. क. २ : पत्र खरं यासाठी लिहिलं. माझ्या ऑपरेशनच्या आधी फोनवर मी "तू नाही आलीस तरी चालेल" म्हणालो, आणि तू फोन ठेवलास. त्याला आठ महिने झाले. मी यंत्रापाशी उभा होतो गं. तुला एवढ्या प्रवासाचा त्रास नको, असं म्हणायचं होतं. एका दिवसासाठीच येते म्हणालीस म्हणून थोडा चिडलो होतो, हे खरं. पण तुला ऐकू आला तेवढा राग नव्हता. रविवारी फोन करतो. उचल.