बारशाआधी

क्रीट, ग्रीस. ऑलिव्ह उतरवायचे दिवस

प्रिय आई,

मी बरी आहे. डोंगरात थंडी पडलीय, पण तू विणलेला स्वेटर पुरतो. दवाखान्यात काम भरपूर आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

खोली मात्र बदलावी लागली. घरमालकीण स्तामातियाबाई मला वर्षभर लेकीसारखं वागवत होत्या. रविवारी जेवताना त्यांनी विचारलं, "लढाईत जर्मन फौजेबरोबर तुमच्या घरचं कोणी इकडे आलं होतं का गं?" मला खोटं बोलवेना. म्हटलं, "आईचे वडील. याच गावात. गावकऱ्यांना गोळ्या घालायचा हुकूम त्यांनीच दिला."

बाईंचे दोन्ही भाऊ त्याच दिवशी मारले गेले. पण त्या ओरडल्या नाहीत. माझ्या ताटात आणखी मसूर वाढत म्हणाल्या, "पोटभर जेव. तुझा दोष नाही. पण उद्यापासून इथे राहू नकोस, पोरी. मला झोप लागायची नाही."

तू म्हणशील, "माझ्या बाबांना वरून हुकूम होता." आई, इथे तो हुकूम त्यांच्या तोंडून ऐकलेली माणसं अजून जिवंत आहेत. आजोबांनी मला सायकल शिकवली, पडले तर फुंकर घातली, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

डेटलेफदादाच्या बाळाला तू आजोबांचं नाव ठेवणार आहेस, असं वहिनीने कळवलं. दादा तुझ्यापुढे गप्प बसला असेल, म्हणून मी सांगते. ओटफ्रीड ठेवू नकोस. त्या पोराने काय केलंय?

ठेवलंसच, तर बारशाला माझी वाट पाहू नका.

बाळाला पापा.

तुझीच,
हाइके