आभाळ माझ्या ओळखीचं

१ डिसेंबर १९३४, सकाळी.
जंगल खात्याच्या नाक्यावर येऊन तीन दिवस झाले. शिरपूरपासून चौदा मैल उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याचं जंगल. दोन खोल्या, कौलं, पुढे ओटा. मागे साग, अंजन, सालई आणि त्यांच्या मागे डोंगर. धुळ्याच्या ऑफिसातले म्हणतात, याला हाकलला. खोटं आहे. बदली मीच मागितली. ऑर्डर आधी आली आणि अर्ज नंतर गेला, एवढंच.
वय त्रेचाळीस, प्रकृती उत्तम. उद्यापासून पहाटे चार मैल चालणे, गार पाण्याने अंघोळ. शिवाय रोज हवामानाची नोंद: वारा, ढग, थंडी. महिन्याभरात इथलं आभाळ ओळखीचं होईल. मग साहेबांना इंग्रजीत रिपोर्ट पाठवीन.

२ डिसेंबर.
धुकं. चालणे उद्यापासून.

४ डिसेंबर.
गार्ड अभिमन. पन्नाशीच्या पुढचा, याच भागातला, तीस वर्षं याच जंगलात. फार कमी बोलतो. आज घरामागच्या मोठ्या सालईकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, हाई सालई एक दिन घरवर पडी. तोडी टाकूत."
झाड घराकडे कललंय हे खरं. मी म्हणालो, सरकारी झाड आहे, परवानगी लागेल. तो म्हणाला, परवानगी तुम्हीच देता. मी म्हणालो, विचार करून देईन. विचार रविवारी.

९ डिसेंबर, रविवार.
विचार केला. झाडाला जोरात लाथ मारून पाहिली. हललं नाही. बुंधा मजबूत. अभिमनला तसं सांगितलं. तो माझ्या पायाकडे बघत होता. पाय सुजलाय.

१४ डिसेंबर.
झुंबरबाई म्हणून एक म्हातारी पाड्यावरून येते, सौ.ला दळायला-सारवायला मदत करते. तिचं आज नवंच. म्हणे, "लाकडं घरमा भरी ल्या, भाऊ. पानी ई."
पाऊस येईल म्हणे! डिसेंबरात! माझ्या वहीत चौदा दिवसांत एकही ढग नाही. तिला वही उघडून दाखवली. तिने वही उलटी धरली आणि म्हणाली, अक्षर चांगलं शे.
लाकडं अंगणातच राहू दे. ऊन खातील.

१९ डिसेंबर.
पाऊस. पहाटे सुरू झाला, दुपारी थांबला, पुन्हा पडला. लाकडं भिजली. चूल पेटेना, पेटली तर धूर. दोन्ही खोल्या धुराने भरल्या. सौ. खोकते आहे. धुराने डास जातात, हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, डास पावसाळ्यात होते म्हणे, आता कुठे आहेत?
नोंद: हा पाऊस अपवाद समजावा.

२६ डिसेंबर.
विचित्र दिवस. सकाळी ओट्यावरच्या घंगाळात पाण्यावर काचेसारखा पापुद्रा. दुपारी इतकं ऊन की कोट काढला. चारला धूळ आणि वारा. अकरा कौलं उडाली. वारा सुटला की मागची सालई करकर आवाज करते. कुणी दात खातंय असं वाटतं. सौ.ने विचारलं, ते झाड तोडायचं काय झालं? मी म्हणालो, फाइल चालू आहे.
कौलं उद्या बसवून घेणे.

३ जानेवारी १९३५.
कौलं अजून बसवली नाहीत. थंड हवा आत येते, ती आरोग्याला चांगली. सौ.चा खोकला मात्र जात नाही. अभिमनने न विचारता अडुळशाची पानं आणून दिली. सौ. त्याला "अभिमनभाऊ" म्हणते. हाताखालच्या माणसाला इतकं डोक्यावर घेऊ नये.
शिरपूरहून मेहुण्याचं, पितांबररावांचं पत्र. 'सुनंदाला ताबडतोब घेऊन या, इथे चांगले डॉक्टर आहेत.' ताबडतोब! शहरातल्या माणसाला जंगलात आभाळ पाहून निघावं लागतं हे काय कळणार? मी योग्य दिवस काढीन.

८ जानेवारी.
आज निघायचं होतं. पूर्वेला एक ढग दिसला म्हणून मी रहित केलं. दिवसभर लख्ख ऊन. ऊन फसवं होतं.

१२ जानेवारी.
पुन्हा रहित. पुन्हा ऊन. सौ. गाठोडं बांधून ओट्यावर बसली होती. उठून आत गेली. रात्रभर खोकत होती. मला झोप लागली म्हणून नक्की सांगता येत नाही.

१७ जानेवारी.
तिच्या पदरावर लालसर डाग दिसला. पानाचा असावा असं वाटलं. ती पान खात नाही, हे दुपारी आठवलं.
आता वेळ घालवायचा नाही. सोमवारी, एकवीस तारखेला गाडी. नोंदींवरून हिशेब केला आहे: ढग, मग तीन दिवस कोरडे, मग पुन्हा ढग. एकवीस तारीख कोरड्या दिवसांच्या बरोबर मध्ये येते. गाडीवान पुनाला निरोप धाडला.

२० जानेवारी.
उबदार दिवस. जानेवारीत असा उबारा म्हणजे उत्तमच. पाखरं गप्प आहेत. एरवी पोपटांचा नुसता कलकलाट असतो. वानरं डोंगर सोडून नाल्यापर्यंत खाली आलीत. त्यांनाही हवा मानवलेली दिसते.
संध्याकाळी अभिमन आला. ओट्याखालीच उभा राहिला. म्हणाला, "उद्या गाडी नका धाडा. वारा फिरी जायेल शे."
मी म्हणालो, माझ्या वहीत तसं काही नाही.
तो म्हणाला, "वहीमा कसं राही? वारा बाहेर शे."
उद्धट उत्तर. तरी मी शांतपणे विचारलं, मग कधी धाडायची? आठ दिवसांपूर्वी धाडायला हवी होती, म्हणाला.

२१ जानेवारी, सकाळी साडेनऊ.
गाडी गेली. आभाळ आरशासारखं. पुनाने बैलांच्या पाठीवर झुली टाकल्या होत्या, मी हसलो. सौ.ने विचारलं, तुम्ही येत नाही? साहेबांची तपासणी कधीही होऊ शकते, नाका सोडून जाता येत नाही, असं सांगितलं. अभिमन म्हणाला, मी जातो सोबत. त्याला मी ठेवून घेतला. कौलं बसवायची आहेत. किती दिवस पडलंय ते काम.
वळणापर्यंत पाहत होतो. तिने मागे वळून पाहिलं नाही. उजेड डोळ्यांवर येत असेल.

अकरा वाजता.
वायव्येकडून काळं काहीतरी वर आलंय. ढग म्हणता येणार नाही, भिंत म्हणावी. वारा एकदम थांबला. सागाचं एक पानही हलत नाही. अभिमन छपरावरून उतरला आणि घोंगडी शोधायला गेला.
सरकून जाईल.

साडेबारा.
टेबलाखालून लिहितो आहे. गारा. आधी सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या. कौलं फुटून आत पडताहेत. डोक्यावर पातेलं घेतलंय. अंधार इतका की अक्षर दिसत नाही.
मोठा आवाज झाला. घर हललं.

एक वाजता.
सालई पडली. स्वयंपाकाची खोली गेली. अर्धी चूल दिसते, अर्धी फांद्यांखाली. या वेळी सौ. तिथेच असते. म्हणजे मी तिला आज पाठवली म्हणून ती वाचली! हे अभिमनला ओरडून सांगितलं. गारांमुळे त्याला ऐकू गेलं नसावं. तो खांद्यावर घोंगडी आणि डोक्यावर टोपलं घेऊन उभा होता.
म्हणाला, "आते त्या नाल्याजवय व्हतीन."
तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती घरात नाही, म्हणजे ती बाहेर आहे.
मी म्हणालो, मी येतो. बूट कुठेत? बूट फांद्यांखाली होते. तो म्हणाला, "तुम्ही बसा. मी जास." आणि गेला. मी त्याला परवानगी दिली असती. त्याने मागितली नाही.

तीन वाजता.
गारा थांबल्या, पाऊस चालू. मी निघालो. मफलर, काठी, अभिमनच्या ओट्यावर राहिलेल्या चपला. चपला मोठ्या होतात. पहिल्या वळणापर्यंत गेलो. तिथून खाली दूर नाला दिसतो. तो नाला नव्हताच. तपकिरी पाण्यात एक अख्खं झाड मुळांसकट गडगडत चाललं होतं. बराच वेळ उभा राहिलो.
परत आलो. दोघंही गेलो तर नाक्यावर कोण?

पाच वाजता.
कुणी आलं नाही. थोडं उघडल्यासारखं झालं आणि पुन्हा भरून आलं.

२२ जानेवारी.
निरोप नाही. ऊन पडलंय, ऐकू येतं ते फक्त टपटप पाणी. झाडांना पान राहिलेलं नाही. सालईखाली, सागाखाली, अंगणात, सगळीकडे मेलेले पोपट. मोजायला लागलो आणि थांबलो. वानरांपैकी एकही दिसत नाही.
झुंबरबाई चिखल तुडवत भाकरी घेऊन आली. पाड्यावर तीन घरं बसली, म्हणाली. मी विचारलं, गाडीचं काही कळलं? तिने नाही म्हणून मान हलवली आणि शेजारी बसून राहिली. भाकरी खा, म्हणाली. मी सांगायला लागलो की हिशेबाप्रमाणे कालचा दिवस कोरडाच यायला हवा होता. ती म्हणाली, "खा, भाऊ."
नाल्याचं पाणी उतरलं की मी स्वतः जाणार. आज संध्याकाळपर्यंत उतरेल.

२३ जानेवारी, सकाळी.
उतरलं असावं. पाहायला गेलो नाही.

दुपारी.
अभिमन आला. डाव्या हाताची दोन बोटं चिंधीने बांधलेली, कपाळ फुटलेलं. ओट्यावर बसला आणि आधी पाणी मागितलं. मी उभाच होतो. तांब्या झुंबरबाईने दिला.
"बाईसाहेब जित्या शेतस," म्हणाला.
हळूहळू कळलं ते असं. गाडी नाल्याच्या उतारावर असताना गारा आल्या. बैल उधळले, गाडी उलटली, एक बैल तिथेच मेला. पुनाने सौ.ला उलटलेल्या गाडीखाली घातलं आणि स्वतः तोंडाशी घोंगडी धरून बसला. पाणी चढत चाकाला लागलं तेव्हा अभिमन पोचला. दोघांनी तिला पाण्यातून काढलं. बोटं तेव्हाच चाकात सापडली. पहाटे पाणी उतरल्यावर पलीकडच्या गावात कुणाकडे तरी बाज मिळाली. बाजेवर घालून, खांदे बदलत, काल दुपारी शिरपूरला पितांबररावांच्या दारात नेलं. ती तापाने फणफणली होती.
मी विचारलं, माझ्यासाठी काही निरोप?
नाही, म्हणाला.
थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. म्हणाला, ताप होता, भाऊसाहेब.
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो उठून सालईच्या फांद्या बाजूला करायला लागला. एका हाताने. मी म्हणालो, राहू दे. त्याने ऐकलं नाही. मग मीही एक फांदी धरली.

२५ जानेवारी.
आज हवामानाची नोंद नाही. कालही नव्हती.
उद्या शिरपूरला निघणार. तपासणी आली तर येऊ दे. का आलो नाही याची कारणं नीट मांडायला हवीत. एक, बूट सापडले नाहीत. दोन, सरकारी नाका. तीन, अभिमन आधीच गेला होता आणि दोघांनी एकाच वेळी जीव धोक्यात घालणं शहाणपणाचं नव्हतं. तिसरं सगळ्यात भक्कम आहे, शेवटी सांगावं.
अभिमन म्हणाला, मी वाट दाखवायला येतो. त्याला नको म्हणालो. वाट एकच आहे.

२६ जानेवारी, शिरपूर. संध्याकाळी.
चालत आलो. उतारावर पुनाचा बैल तसाच पडलेला होता, त्याच्याकडे न बघता गेलो. चौदा मैल तिन्ही कारणं घोकत होतो. तिसऱ्यात थोडी सुधारणा केली.
पितांबररावांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. रामराम नाही, काही नाही. डॉक्टर येऊन गेले होते. फुप्फुसाला सूज आहे, जिवावरचं टळलं, पण पावसाळ्यापर्यंत जंगलात न्यायचं नाही.
सौ. भिंतीला टेकून बसली होती. हात पांढरे, ओठ फुटलेले. मी जवळ बसलो. घसा साफ केला. म्हणालो, "मी निघणारच होतो, पण बूट..."
तिने हात वर करून थांबवलं. बोलायला तिला वेळ लागतो. म्हणाली, "अहो, मी तुमची वाट पाहिलीच नव्हती. पुना सारखा विचारत होता, साहेब येतील का, साहेब येतील का. मी त्याला म्हटलं, ते नाही येणार. अभिमनभाऊ येतील."
रागाने नाही म्हणाली. मीठ कुठल्या डब्यात आहे ते सांगावं, तसं म्हणाली.
मग विचारलं, जेवलात का?
नाही म्हणालो. वहिनींनी ताट वाढलं. पितांबरराव समोर बसले होते, पुना दाराशी होता. भात, वरण, वांग्याचं भरीत. मी सगळं जेवलो. कोणी काहीच विचारलं नाही.