आत ओढलेला होकार

कीरुना,
नोव्हेंबर अखेर, अंधारातला मंगळवार

आदरणीय सिक्स्टनकाका,

आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करते, पत्र संपेपर्यंत माझ्या तब्येतीची तुम्हीच कराल. गुडघा काय म्हणतो? कुत्री व्याली का? सरपण आत घेतलंत ना? (नसेल तर एकट्याने ओढू नका, शेजारच्या आल्गोटला हाक मारा. तो येणार नाही, पण हाक मारल्याचं समाधान मिळेल.) इकडे सूर्य उगवायचा बंद होण्याच्या बेतात आहे आणि माझी नोकरीही. फरक एवढाच की सूर्य जानेवारीत परत येतो.

धूमकेतूच्या शेपटीतली धूळ मोजणारं माझं यंत्र तुम्हाला ठाऊकच आहे. कोऱ्या कागदापासून वाढवलं मी ते. दोन-दोन वर्षांच्या करारांवर जगले आणि दर वेळी 'पुढच्या खेपेला कायम करू' हे गाजर. त्या गाजरामागे तरुणपण गेलं. रागनारशी संसार मोडला (तो म्हणाला, 'घरातली धूळ तुला दिसत नाही आणि आकाशातली मोजत बसतेस', वाक्य चांगलं होतं, म्हणून जास्त लागलं). आई गेली तेव्हा मी यंत्राला हादरे देऊन तपासत होते. दफनाला पोचले, आईला मात्र भेटले नाही, आणि ते मला अजून सोसत नाही. शेवटी एकदाचं ठरलं की यंत्र यानावर उडालं आणि त्याने धूळ मोजून दाखवली, की मी कायम.

आता आमच्या धंद्यातली एक रीत ऐका. यंत्राच्या तोंडावर लाल टोपी असते, ती उड्डाणाआधी काढायची. (धूळ मोजायच्या यंत्रात धूळ जाऊ नये म्हणून टोपी. हसू नका.) त्या दिवशी यानाशेजारी शिडीवर आमचा म्हातारा तंत्रज्ञ ह्यालमार, आपल्याच मुलखातला, आणि मी पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून. मी विचारलं, 'ह्यालमार, टोपी काढलीस?' कानात आलं, 'शुप्प.' आता काका, तुम्हीच सांगा, आपल्याकडे 'शुप्प' म्हणजे काय? साऱ्या जगाचा होकार तोंडातून बाहेर पडतो, आपला ओठांचा चंबू करून श्वासाबरोबर आत ओढला जातो. जन्मापासून तेच ऐकलंय. मी 'झालं' म्हणून खूण केली. पण तो होकार नव्हताच! शिडीवरून त्याचा पाय निसटला होता. पडला, घोटा मोडला, मग रुग्णवाहिका काय, धावपळ काय, त्याच्या बायकोला फोन काय. टोपी राहिली ती राहिलीच.

यान झकास उडालं. आम्ही केक कापला. यंत्रही ठणठणीत चाललंय हो, इमानेइतबारे दर आठवड्याला कळवतंय की धूळ शून्य. आधी सगळे खूश, किती शांत यंत्र म्हणून! मग मीच परिषदेत जाऊन सांगितलं की अवकाशाचा हा भाग विलक्षण स्वच्छ आहे. ग्रात्स विद्यापीठातल्या एका विद्वानाने त्या स्वच्छतेचं कारणसुद्धा शोधून काढलं (फार सुंदर सिद्धांत आहे, बिचाऱ्याला खरं सांगायचं धाडस अजून झालेलं नाही). मग प्लॅस्टर काढून ह्यालमार कामावर आला, दालचिनीचा बन कॉफीत बुडवला आणि म्हणाला, 'पोरी, ती टोपी शेवटी कोणी काढली गं?' मी संडासात जाऊन रडले. हमसून हमसून रडले, काका.

आता चौकशी बसलीय. अध्यक्ष देलकूरबाई पॅरिसच्या. वागायला गोड, हसत हसत मान कापतात. म्हणाल्या, 'म्हणजे तुम्ही एका माणसाच्या धापेवर यान सोडलंत?' मी म्हटलं, धाप नाही हो बाई, आमच्याकडे ते 'हो' असतं. तर म्हणे, 'कोणत्या व्याकरणात?' आता काय कपाळ सांगू! ह्यालमारला म्हटलं, करून दाखव. तो पाहुण्यांसमोर इतका लाजला की चक्क मोठ्यांदा 'हो' म्हणाला, बाहेर! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. सोमवारी शेवटची बैठक आहे. तिथे मी निष्काळजी ठरले तर कायम होणं राहिलं बाजूला, या क्षेत्रात कोणी माझ्या हातात साधा थर्मामीटर देणार नाही. आणि मला दुसरं काही येत नाही.

गावात सगळ्यांना माझा नमस्कार. आल्गोटला नको.

तुमची पुतणी,
सॉल्वेइग

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की सोमवारी तुम्ही इकडे या. आपल्या अख्ख्या नॉरलांड मुलखात तुमच्याइतकं खणखणीत 'शुप्प' कोणाचं नाही. काकू सांगायची, तुमच्या लग्नात पाद्री दचकून मागे सरला होता. बाई काय विचारायचं ते विचारतील, तुम्ही तेवढंच करायचं. कोट नको, आहात तसे या.

ता. क. दुसरा. हे बाईंसमोर काढू नका. शाळा संपली त्या शरदात, तुमच्या शेतात मी विचारलं होतं, 'काका, मी अवकाशशास्त्रज्ञ होऊ का? आई म्हणते नगरपालिकेत चिकट.' तुम्ही 'शुप्प' केलंत. तेवढ्या एका आधारावर मी घर सोडलं. परवापासून मला सारखं आठवतंय की तेव्हा तुम्ही बटाट्यांचं पोतं उचलत होतात. खरं सांगा, तो होकार होता की कंबर? लिहूनच कळवा. फोनवर मला ओळखू येणार नाही.