मेलबर्नहून बारा तास

धुळे,
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रशील,
सप्रेम जयभीम.

"खरंच वेळ आली तरच बोलव, अक्का. उगाच घाबरवू नकोस." सहा वर्षांपूर्वी जळगाव स्टेशनवर निघताना तू हे म्हणालास. आबांच्या छातीत कळ आली म्हणून मी तुला बोलावलं होतं, आणि तू पोचलास तेव्हा आबा ओट्यावर बसून भरीत आणि कळण्याची भाकरी खात होते. सगळेच हसले होते. मीही.

आबा बरे आहेत. गुडघे कुरकुरतात, तोंड त्याहून जास्त. माझी शाळा सोमवारी सुरू होतेय.

परवा फोनवर तू म्हणालास, "सोमवारी राजीनामा देतोय. एवढ्या लांब राहून आईचं तोंडसुद्धा दिसलं नाही." मग नेहमीचंच. थेट विमान मिळालं असतं तर बारा तास, पुढे जळगावची गाडी आठ तास, सिंगापूरला नऊ तास अडकलो नसतो तर... वर्षभर मी हे ऐकतेय आणि "हो रे" म्हणतेय.

तुझा आवाज ऐकला की मला बोलवत नाही. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतेय. सोमवारच्या आत वाच.

गेल्या डिसेंबरात मी तुला फोन केला तो गुरुवारी सकाळी. आईने मंगळवारी संध्याकाळीच सांगितलं होतं. जळगावच्या दवाखान्यात, माझा हात धरून. "प्रशीलले बलाव. कितला तास लागतस त्याले?"

मी मोबाईलवर पाहिलं. मुंबई ते मेलबर्न, दहा हजार किलोमीटरला थोडं कमी. बारा तास.

"बाराच तास, आई. लागलं तर बोलावू."

"बारा? मंग तर जवळच शे," म्हणाली आणि डोळे मिटून हसली.

मी फक्त आकाशातले तास मोजले. तिकीट, रजा, मधला थांबा, मुंबईहून इकडची गाडी, काहीच धरलं नाही. आणि खरं सांगू? तू येशील, आई उठून बसलेली असेल आणि तू पुन्हा हसशील, याची मला भीती वाटली.

बुधवारी तिने विचारलं, "निंघना का तो?"

मी म्हटलं, "हो, विमानात आहे."

तू तेव्हा तिकडे ऑफिसात होतास, तुला काहीच माहीत नव्हतं. ती मात्र दाराकडे तोंड करून पडून राहिली. गुरुवारी रात्री गेली, तेव्हाही तशीच.

उशीर मी केला, प्रशील. राजीनामा द्यायचा की नाही ते तू ठरव, पण त्या दहा हजार किलोमीटरवर राग धरून देऊ नकोस.

आबांना अजून सांगितलेलं नाही. उद्या रविवारी जळगावला जाऊन सांगणार आहे.

पुढच्या महिन्यात आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला तू येशील. जळगाव स्टेशनवर तुला घ्यायला मला येऊ दे. तू म्हणशील, मी रिक्षाने जाईन. ठाऊक आहे. तरी गाडीची वेळ कळव.

अजून म्हणवत असेल तर,
तुझी अक्का